समासातलं उत्तर

पाठीमागे त्यांना सगळे अंथरूणबाई म्हणायचे आणि तोंडावर ताई. मी दोन्ही म्हणायचे. आमच्या बालकल्याण कार्यालयात त्यांनी एकवीस वर्षं काढली. त्यातली शेवटची अडीच वर्षं त्या रेकॉर्ड रूममध्ये फायलींवरची धूळ झटकत बसल्या होत्या. त्या तिथून बाहेर आल्या नाहीत, यात माझाही हात आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांचं गुणगान करायला लागले की कुणाला माझा पुळका यायला नको.

नावाची गोष्ट अशी. आईवडील नसलेलं मूल आम्ही जमलं तर नातेवाइकांकडे ठेवतो आणि दर थोड्या महिन्यांनी आमच्यातलं कुणीतरी त्या घरी जाऊन पाहून येतं. याला आम्ही गृहभेट म्हणतो. बाकीचे लोक शाळेचा दाखला बघायचे, वह्या चाळायचे, स्वयंपाकघरात डोकावायचे. ताई यातलं सगळं करायच्या, चहा घ्यायच्या, इकडचंतिकडचं बोलायच्या आणि उठता उठता पोराला म्हणायच्या, "चल, तुझं अंथरूण घालून दाखव बघू मला."

अंथरुणाकडे त्या बघायच्याही नाहीत. बघायच्या पोराकडे. जे मूल खरंच तिथे झोपतं ते सरळ जाऊन गादी ओढतं, आपली चादर बरोबर उचलतं, उशी फेकतं आणि "झालं" म्हणून उभं राहतं. जे तिथे झोपत नाही ते आधी घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघतं. मी एकदा त्यांना विचारलं होतं की एवढ्याशा गोष्टीवरून तुम्ही अहवाल कसा काय लिहिता. त्या म्हणाल्या, "अगं, झोपायची जागा पोराला आठवावी लागत नाही. पाय आपोआप जातात."

हे त्या कुठल्या कॉलेजात शिकल्या नव्हत्या. शिक्षण दहावीपर्यंत. नवरा ऐन तारुण्यात गेला, पदरात एक मुलगी, तेव्हा त्यांना मुलांच्या वसतिगृहात सफाईचं काम मिळालं होतं. रोज सकाळी चव्वेचाळीस अंथरुणं गोळा करून घड्या घालायच्या. कुणी गादी भिंतीला चिकटवली, कुणी बूट उशाखाली घेतले, कुणाचं अंथरूण घातलेलं आहे पण त्यावर सुरकुती नाही, हे रोज बघून बघून त्यांना पोरं वाचता यायला लागली. कोण पळून जाणार हे त्या दोन दिवस आधी सांगायच्या आणि अधीक्षक दाराला कुलूप घालण्याऐवजी त्या पोराला ताईंच्या हवाली करायचे. त्याच अधीक्षकांनी पुढे त्यांना गृहभेटींच्या कामावर आणलं.

स्वभाव मात्र तिखट. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी त्यांची फिरकी घेतली, की जावयालाही अंथरूण घालायला लावलं असेल. ताई फाइलमधून डोकं वर न काढता म्हणाल्या, "लावलं तर. चारी कोपरे खोचले त्यानं, म्हणून तर होकार दिला." खरं होतं की थट्टा, कुणाला कळलं नाही.

मग प्रशिक्षण आलं. वरून हुकूम निघाला की गृहभेटी करणाऱ्या प्रत्येकाला बारा दिवसांचं प्रशिक्षण, शेवटी परीक्षा आणि पास होणाऱ्याला प्रमाणपत्र. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्यानं कुणाच्या घराची पायरी चढायची नाही. गारठलेला हॉल, गळ्यात अडकवायचं नाव, नवी कोरी फाइल, भिंतीवर चित्रं. प्रशिक्षक हुशार माणूस होता, बोलायचा छान, पण आयुष्यात एकदाही कुणाच्या घरी मूल बघायला गेला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते तेव्हा समोर दिसत होतं, पण मला दिसलं नाही. मी सव्वीस वर्षांची होते, समाजकार्याची पदवी ताजी होती आणि मला शिंगं फुटली होती. तो जे बोलेल ते मी तीन रंगांच्या पेनांनी लिहून घेत होते.

पहिल्या दिवशी त्यानं आमचे अनुभव विचारले. ताईंनी हात वर केला आणि पंधरा मिनिटं अंथरुणाबद्दल सांगितलं. तो खूश झाला, फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, टाळ्या वाजवायला लावल्या. ताई लाजल्या. दोन दिवसांनी नवं पाहणीपत्रक आमच्या हातात पडलं, बेचाळीस प्रश्नांचं. त्यात सत्ताविसावा प्रश्न होता: मुलास झोपण्यासाठी स्वतंत्र जागा आहे का? हो किंवा नाही. फोटो जोडावा.

ताईंनी ते दोनदा वाचलं आणि उभ्या राहिल्या. म्हणाल्या, अहो, मी हे सांगितलंच नव्हतं. प्रशिक्षकानं हसून समजावलं की तुमचंच आहे ते, फक्त मोजता येईल असं करून घेतलंय, कुणालाही वापरता यायला हवं ना. ताई म्हणाल्या की कुणालाही येणारच नाही ते. त्यावर तो पुन्हा हसला आणि पुढच्या चित्राकडे वळला. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. मला त्यांची लाज वाटली.

परीक्षेत पन्नास प्रश्न, प्रत्येकाला दोन गुण, चार पर्याय, बरोबर त्यावर खूण करायची. वरच ठळक छापलं होतं की समासातलं लिखाण तपासलं जाणार नाही. ताईंनी निम्म्याहून जास्त प्रश्नांवर खूणच केली नाही. समासात बारीक अक्षरांत उत्तरं लिहिली. झोपण्याच्या जागेची खात्री कशी कराल, या प्रश्नाला पर्याय होते पालकांना विचारून, जागा पाहून, फोटो काढून आणि वरील सर्व. 'वरील सर्व' बरोबर होतं. ताईंनी समासात लिहिलं होतं, "पोराला घालायला सांगेन."

त्यांना अडतीस मिळाले. मला शहाण्णव मिळाले आणि माझ्यासाठीही टाळ्या वाजल्या.

ताई रेकॉर्ड रूममध्ये गेल्या आणि त्यांच्याकडची मुलं आमच्यात वाटली गेली. त्यातली एक पोर माझ्याकडे आली. आठ वर्षांची. आईवडील एकाच अपघातात गेलेले, ठेवली होती आत्याकडे. ताई तिथे एकदाच जाऊन आल्या होत्या. फाइलमध्ये त्यांनी लिहिलं होतं की पोरीनं उशी आधी दाराकडे ठेवली, मग आत्या खाकरली तशी फिरवून भिंतीकडे केली, महिन्याच्या आत पुन्हा जाणे. त्या महिन्यातच प्रशिक्षण आलं होतं.

ताई ती फाइल घेऊन स्वतः माझ्या टेबलाशी आल्या. माझ्याशी इतक्या मऊ आवाजात त्या कधी बोलल्या नव्हत्या. "तू जाशील ना, तेव्हा आत्याला काही विचारू नकोस. पोरीला अंथरूण घालायला सांग. उशी कुठे ठेवते ते बघ. एवढंच कर माझ्यासाठी."

मी हो, हो म्हटलं. मनात म्हटलं, अडतीस मिळालेली बाई शहाण्णववालीला शिकवतेय.

घर लख्ख होतं. आत्या गोड बोलली. पोरीच्या खोलीत एक पलंग होता, त्यावर निळी चादर, तिच्यावर मासे छापलेले. चादरीवर आडव्याउभ्या घड्या उठून दिसत होत्या, पिशवीतून नुकती काढल्यासारख्या. मला त्या घड्या दिसल्या. मी मनात म्हटलं, बघा, पोरीसाठी नवी चादर आणलीय. फोटो काढला, सत्ताविसाव्यापुढे 'हो' वर खूण केली. पोर चौकटीला धरून उभी होती, आत आली नाही. ताईंचं वाक्य मला तिथे आठवलं. आठवलं नाही असं सांगितलं असतं तर सोपं होतं, पण आठवलं. संध्याकाळच्या आत अजून दोन घरं करायची होती, पत्रकात तसा प्रश्न नव्हता, ही कारणं खरी आहेत. त्यांच्यापेक्षा खरं कारण हे की मला अंथरूणबाई व्हायचं नव्हतं. मी पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि निघाले.

सात आठवड्यांनी हॉस्पिटलातून फोन आला. पोरीचं अंथरूण, त्याला अंथरूण म्हणायचं असेल तर, स्वयंपाकघराच्या मागे कपडे धुवायच्या उघड्या जागेत होतं. थंडीचे दिवस, खाली ओली फरशी. दोन्ही फुप्फुसं धरली होती. चाळीस दिवस ती हॉस्पिटलात पडून होती. वाचली, पण फुप्फुसं कायमची अधू झाली. जिना चढताना अजून मध्येच थांबते. आम्ही घरी गेलो तेव्हा माशांची चादर परत पिशवीत गेली होती. आत्यानं कांगावा केला, तुमच्याच बाई बघून गेल्या, फोटोसुद्धा काढला. तिचं तेवढं खरं होतं.

मी रेकॉर्ड रूममध्ये गेले. वाटलं होतं ताई मला फाडून खातील. त्यांनी फक्त विचारलं, "घालायला सांगितलं होतंस?" मी नाही म्हटलं. "बरं," म्हणाल्या आणि हातातल्या फाइलची दोरी बांधायला लागल्या. त्यांनी मला थोबाडीत मारायला हवी होती. मी परत आले.

चौकशी झाली. माझं पाहणीपत्रक मागवलं गेलं आणि ते सर्व दृष्टींनी परिपूर्ण असल्याचा शेरा पडला. बेचाळीस उत्तरं, फोटो, सही, तारीख. दोष माझा नव्हता, प्रश्नाचा होता. प्रश्न सुधारायला हवा, असं ठरलं. आणि इतकं नेटकं पत्रक भरणारी व्यक्ती म्हणून ते काम माझ्याकडेच आलं. मग प्रशिक्षणही माझ्याकडे आलं. प्रश्नपत्रिका काढणं, तपासणं, सगळं. लोक पाठ थोपटत होते. मी सत्ताविसावा प्रश्न नव्यानं लिहिला: मुलाने स्वतः अंथरूण घालून दाखवले का? हो किंवा नाही. मला वाटलं, निदान एवढं तरी ताईंचं देणं मी फेडलं.

पोर आमच्या वसतिगृहात राहायला आली. ताई दर सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जायच्या. कुणी सांगितलं नव्हतं आणि प्रमाणपत्रही लागत नव्हतं. एकदा मीही त्यांच्यामागे गेले. त्या दिवशी गाद्या उन्हात घातलेल्या होत्या आणि मुलं आपापली गादी आत नेत होती. पोरीचा पलंग मधल्या रांगेत. तिनं गादी उचलली, पलंगापाशी थांबलीच नाही, सरळ मागच्या दाराशी नेऊन फरशीवर टाकली आणि उशी दाराकडे केली. सेविका दमून म्हणाली की रोजचंच आहे हे, रोज उचलून पलंगावर ठेवतो. ताई पोरीशेजारी फरशीवर बसल्या. मी उभीच होते. पाय आपोआप जातात, हे मला तेव्हा कळलं, आणि कळून आता काय उपयोग होता.

दोन वर्षं गेली. मग पोरीची एक लांबची मावशी पुढे आली, मी सांभाळते म्हणाली. चांगली बाई वाटत होती. पण तशी आत्याही वाटली होती. घराची पाहणी करायची होती आणि ती प्रमाणपत्रवाल्यानंच करायची होती. ताई साहेबांकडे गेल्या. निवृत्तीला दोन महिने उरले होते. एवढं एक घर मला बघू द्या, म्हणाल्या. साहेब वाईट माणूस नाही. तो म्हणाला, या महिन्यात परीक्षा आहे, प्रमाणपत्र आणा आणि फाइल घेऊन जा, माझा शब्द.

पास व्हायला साठ लागत. ताईंनी आयुष्यात केला नसेल एवढा अभ्यास केला. मुलगी सासरहून येऊन रोज संध्याकाळी त्यांच्याकडून प्रश्न सोडवून घ्यायची. तिनंच मला एकदा ऑफिसच्या फाटकाशी गाठून सांगितलं, रडकुंडीला आली होती. "मी म्हणते, आई, टिक कर ना नुसती, मध्ये बोलायचं कशाला? तर म्हणते, खोटं आहे गं ते. मी म्हटलं, खोटं असू दे, तुला ती पोर हवीय ना? मग गप्प बसली."

परीक्षेला हॉलमध्ये मीच होते. ताई पहिल्या रांगेत, चष्मा पुसून पुसून खुणा करत होत्या. पहिलं पान संपलं, समास कोरा. दुसरं पान, कोरा. माझा जीव भांड्यात पडला. मी खिडकीपर्यंत जाऊन परत आले, तर त्यांचं पेन थांबलेलं. बराच वेळ थांबलेलं. मग त्या समासात लिहायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी पेपर माझ्या टेबलावर होते. ताईंचा मी सगळ्यात शेवटी घेतला. एकोणतीस बरोबर. अठ्ठावन्न गुण. वीस चुकले होते आणि एक प्रश्न रिकामा होता, तोच, अंथरुणाचा. मूल अंथरूण घालून दाखवत असल्यास पत्रकात काय नोंदवाल? 'हो' हा पहिलाच पर्याय. शेंबड्या पोरालाही आलं असतं. शेजारी समासात लिहिलं होतं:

"आता हे विचारून उपयोग नाही. दोन वर्षांची पत्रकं मी रेकॉर्डला लावलीत, एकातही 'नाही' वर खूण नाही. सगळ्या घरांना ठाऊक झालंय, आधीच पोरांकडून घोटून घेतात. आता विचारावं, रात्री तहान लागली तर उठून पाणी कुठून घेतोस. जिथे झोपतं तिथूनची वाट सांगतं मूल. पण हे छापू नका."

माझ्या हातात पेन होतं. 'हो' वर एक खूण, निळ्या शाईची, आणि साठ. कुणी बघत नव्हतं. पेपर दुसऱ्यांदा तपासले जातात, पण सगळे नाही, दहातला एखादा. मी तासभर तो पेपर समोर घेऊन बसले. आणि मला काय आठवत होतं सांगू? पोर नाही. माझ्या पाहणीपत्रकावरचा शेरा, सर्व दृष्टींनी परिपूर्ण. एकदा चौकशीतून स्वच्छ सुटले होते, आता एका खोट्या खुणेपायी अडकायचं होतं का? मी लाल पेन घेतलं आणि शून्य काढलं. अठ्ठावन्न. अनुत्तीर्ण.

ताईंना निकाल मीच सांगितला. त्यांनी फक्त घर बघायला कोण जातंय तेवढं विचारलं.

जाणारी मुलगी मीच शिकवलेल्या वर्गातली, एक्क्याण्णव गुणांची, चुणचुणीत. निघायच्या आधी मी तिच्या टेबलाशी गेले. माझा आवाज आपोआप मऊ झाला. तिला म्हटलं, मावशीला काही विचारू नकोस. पोरीला बाजूला घे आणि रात्री तहान लागली तर पाणी कुठून घेते ते विचार. एवढंच कर. ती हो, हो म्हणाली. तो 'हो, हो' मी ओळखला.

परत आली ती पत्रक घेऊनच. बेचाळीसच्या बेचाळीस भरलेले, सही, तारीख, फोटो. अंथरूण घालून दाखवले का, हो. फोटोत पलंग आहे आणि स्वच्छ पांढरी चादर. घड्या दिसतात का म्हणून मी फोटो मोठा करकरून बघितला, काही कळलं नाही. मग विचारलं, "आणि पाण्याचं?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग पत्रक उलटंसुलटं करून बघितलं. "ते कुठल्या प्रश्नात आहे, मॅडम?"

पोर गुरुवारी मावशीकडे गेली. मी 'परिपूर्ण' असा शेरा लिहून पत्रक रेकॉर्डला पाठवलं. ते फाइलला लावायचं काम ताईंचं होतं.